तिसरा लेमा सोपा आहे

जेवणानंतरच्या सत्रात पहिल्या रांगेत बसून झोपायचं असेल, तर पाठ ताठ ठेवायची आणि उघडं पेन हातात धरायचं, हे मला हुद्देदार सरांनी शिकवलंय. पाठ मी ताठ ठेवली आहे. पेन उघडं आहे. पोटात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि नको नको म्हणत घेतलेल्या दोन शेंगापोळ्या आहेत. मंचावर कुठलासा तरुण गृहस्थ पडद्यावरचे ठिपके रेघांनी जोडत इतक्या एकसुरी आवाजात बोलतोय की त्याला स्वतःलाच मध्ये जांभई आली.

सभागृहात एसी इतका वाढवलाय की निम्म्या लोकांनी पिशवीतली चादर काढून पांघरली आहे. संगणकशास्त्राच्या सिद्धान्तांवरची ही आमची परिषद दर डिसेंबरात भरते, दर वर्षी वेगळ्या गावी, आणि प्रत्येक गाव पाहुण्यांच्या पिशवीत काहीतरी घालून देतं. बहुतेक ठिकाणी पेन आणि गळकी पाण्याची बाटली. यंदा सोलापूर आहे, त्यामुळे चादर निघाली. परदेशातले पाहुणे सकाळपासून ती उलटीसुलटी करून बघताहेत आणि एकाने ती शालीसारखी घेऊन उद्घाटनाचा दिवाही लावला. मीही माझी चादर गुडघ्यांवरून खांद्यापर्यंत ओढून घेते.

शेजारी नलूकाकू बसल्या आहेत, हुद्देदार सरांच्या पत्नी. सर माझे गुरू, माझ्या निम्म्याहून जास्त पेपरांचे भागीदार, आणि ते एप्रिलमध्ये गेले. हे सत्र त्यांच्या स्मरणार्थ आहे. चहाच्या आधीचा शेवटचा पेपर सरांचा आणि माझा. तो मी वाचायचा आणि मग काकूंना शाल आणि श्रीफळ द्यायचं, असं ठरलंय. काकूंना आमचा विषय अजिबात कळत नाही आणि त्या ते लपवतही नाहीत.

"हा मघापासून ठिपकेच जोडतोय गं," त्या माझ्या कानाशी म्हणतात. "रांगोळीचं काही आहे का?"

"जवळपास तसंच आहे, काकू."

"मग रंग कधी भरणार?"

मला हसू येतं, पण ते वरवरचं. आत शेंगापोळ्यांच्या खाली एक गोळा बसलाय आणि त्याचं नाव आहे लेमा तीन.

लेमा म्हणजे मोठ्या प्रमेयाला खालून लावलेला टेकू. आमच्या पेपरात असे चार टेकू आहेत. पहिला, दुसरा आणि चौथा भक्कम आहेत. तिसऱ्याच्या खाली सिद्धता म्हणून एकच वाक्य आहे: 'हे सोपे आहे.' सर एके दिवशी काम करता करता म्हणाले, "हे तर सोपं आहे," आणि सर एखादी गोष्ट सोपी म्हणाले की ती सोपी असते, ही माझी कॉलेजातल्या पहिल्या वर्षापासूनची श्रद्धा. मी लिहून टाकलं. परिषदेच्या तीन परीक्षकांनी पेपर तपासला. एकाने शेरा मारला, लेमा तीन उघडच आहे. दुसऱ्याने लिहिलं, तो सर्वांना ठाऊकच आहे. तिसऱ्याने स्वल्पविराम दुरुस्त केले. मग मी बोलायची तयारी करायला बसले, म्हटलं, कसं सोपं आहे त्याची एक ओळ पडद्यावर टाकावी, आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. आजच्या शेंगापोळ्या सोडून.

म्हणणं तसं साधं आहे. पेपरातही उदाहरण हेच दिलंय: समजा एक गाव आहे, सगळ्या गल्ल्या एकेरी. आम्ही ज्या तऱ्हेने हे गाव वसवलंय, त्यात वेशीपासून देवळापर्यंत जायला वाट एकच असते, दुसरी नसतेच. एवढंच दाखवायचं. मी वेशीतून निघते, पहिल्या चौकात येते, तिथे चार गल्ल्या फुटतात, त्यांतल्या प्रत्येकीच्या टोकाला आणखी चार, आणि माझं घोडं तिथेच पेंड खातं. नाना तऱ्हांनी करून पाहिलं. शेवटी हात टेकले.

टेकू निघाला की पेपर कोसळणार. सरांचा शेवटचा पेपर, त्यांच्याच स्मरणसत्रात, काकू पुढ्यात शाल घ्यायला बसलेल्या असताना. आणि तो पाडायला माणूसही तयार आहे. दुसऱ्या रांगेत, बरोबर माझ्या मानेमागे, डॉ. उपळेकर बसलेत. त्यांनी आजवर एकही परिषद चुकवलेली नाही आणि एकही वक्ता सोडलेला नाही. बोलणं संपलं की त्यांचा हात वर जातो आणि ते म्हणतात, "एकच बारीक शंका." त्या शंकेपायी दोन जणांनी विषय बदललेला मला माहीत आहे.

सरांची तऱ्हा वेगळी होती. ते पहिल्या रांगेत बसून सबंध भाषणभर झोपायचे, टाळ्यांच्या आवाजाने जागे व्हायचे आणि एक प्रश्न विचारायचे. वक्ता आधी हसायचा, मग गप्प व्हायचा, मग चहाच्या वेळी कप हातात घेऊन त्यांना शोधत फिरायचा. हा माणूस झोपेत ऐकतो कसा, यावर परिषदेत वर्षानुवर्षं वाद चालायचे. मी इतकी वर्षं शेजारी बसूनही मला ते कळलं नाही.

"आता पुढच्या स्लाइडवर," मंचावरचा गृहस्थ म्हणतो.

पुढची स्लाइड हिरवी आहे. नुसती हिरवी. मग त्या हिरव्यात ज्वारीची ताटं दिसायला लागतात, ती एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकतात, आणि माझ्या लक्षात येतं की ही खिडकी आहे आणि आपण बसमध्ये आहोत. परिषदेची सहल निघाली असणार. दर वर्षी निघते. गावातलं काय काय दाखवतात आणि सगळे जण बसमध्येच गणितं करत बसतात. माझ्या अंगावर चादर तशीच आहे. बसच्या मधल्या वाटेतून गळ्यात चामड्याची पिशवी अडकवून डॉ. उपळेकर येताहेत.

"एकच बारीक शंका," ते माझ्यापाशी थांबून म्हणतात. "तिकीट?"

"सहलीला तिकीट नसतं हो."

"नसतं, हे मला मान्य आहे. सिद्ध करा."

मी पर्स उघडते. पर्समध्ये नुसत्या एकेरी गल्ल्या आहेत. मी एकीत हात घालते तर तिला पुढे चार फुटतात. उपळेकर तिकिटाचा पंच टकटक वाजवत उभे राहतात.

"तिला सोडा हो, उपळेकर," शेजारून आवाज येतो. "ती माझ्याबरोबर आहे."

खिडकीपाशी हुद्देदार सर बसलेत. पाठ ताठ, डोळे मिटलेले, हातात उघडं पेन. वर परिषदेला घालायचा करडा कोट आहे आणि खाली पायजमा. उपळेकर काहीतरी पुटपुटत मागच्या सीटकडे जातात.

"सर," मी म्हणते, "तुम्ही गेलात ना?"

"हो. एप्रिलमध्ये. तू होतीस की तिथे."

"मग आज इथे कसे?"

"डिसेंबर आहे ना? मग परिषदेला यायचं नाही का?" ते डोळे मिटूनच विचारतात. "यंदा पिशवीत काय दिलं?"

"चादर."

सर दोन्ही डोळे उघडतात. सबंध परिषदेत मी त्यांना इतकं जागं कधी पाहिलेलं नाही. ते माझ्या चादरीचा कोपरा दोन बोटांत धरून चोळून बघतात.

"सोलापुरी?"

"हो, सर."

"इतकी वर्षं पेनं गोळा केली," ते म्हणतात, "आणि चादर दिली ती मी गेल्यावर." त्यांना खरोखरच वाईट वाटलंय. आपण गेलो याचं त्यांना इतका वेळ काही वाटलेलं दिसत नव्हतं, पण हे लागलंय. मी म्हणते, ही घ्या माझी. ते मान हलवतात. "नको. काकू विचारेल, दुसऱ्याची कशाला आणलीत म्हणून."

मी त्यांना नीट बसता यावं म्हणून सरकते आणि माझं कोपर ओट्याला लागतं. सरांचं पुण्यातलं स्वयंपाकघर. खिडकीबाहेर अजून ज्वारी सरकते आहे, पण इथे गॅसवर चहा उकळतोय आणि समोर पांढऱ्या टाइलांची भिंत आहे. आमचे सगळे पेपर ह्या भिंतीवर झाले. सर स्केचपेनने टाइलांवर लिहायचे आणि पानं घ्यायची वेळ झाली की काकू ओल्या फडक्याने सगळं पुसून काढायच्या. फोडणी टाइलांवर उडते, तशी तुमची गणितंही उडतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे जेवणाच्या आत सिद्धता संपवायची सवय सरांना लागली. त्यांच्या सिद्धता आखूड असतात, याचं परदेशात फार कौतुक होतं. कारण कुणाला माहीत नाही.

सर चहा गाळतात. मला वाटतं, आत्ता विचारलं नाही तर राहूनच जाईल.

"सर, लेमा तीन."

"हं."

"तो सोपा कसा आहे?"

सर गाळणं कपावर धरून थांबतात. "म्हणजे?"

"म्हणजे सिद्धता काय त्याची? मला थोड्या वेळात बोलायचंय. मला ती येत नाही."

"येत नाही कशी? तूच केलायस ना तो?"

"मी?" माझा आवाज चढतो. "तुम्ही म्हणालात, हे तर सोपं आहे."

"मी म्हणालो, कारण तू मान डोलावलीस. म्हटलं, हिने केलेलं दिसतंय. उगाच मुलीचा वेळ कशाला घ्या."

"मी मान डोलावली, कारण तुम्ही सोपं म्हणालात."

"नाही हं. मान आधी डोलावलीस. मला चांगलं आठवतंय. तू इथे उभी होतीस, मी तिथे."

मीही आठवून बघते. आठवायची फारशी गरज पडत नाही, कारण आम्ही तिथेच उभे आहोत. टाइलांवर निळ्या शाईत लेमा तीन लिहिलेला आहे, त्याच्या खाली सिद्धतेसाठी जागा सोडलेली आहे, आणि बाहेरच्या खोलीतून ताटं मांडल्याचा आवाज येतोय.

"सर," मी हळूच म्हणते, "काकूंनी बाहेरून विचारलं होतं, आमटी वाढू का. त्याला मी मान डोलावली."

कुकरची शिट्टी होते. सर टाइलांकडे बघतात, मग माझ्याकडे, मग पुन्हा टाइलांकडे.

"म्हणजे लेमा तीन कुणीच केलेला नाही," ते म्हणतात.

"कुणीच नाही."

"आणि परीक्षक?"

"त्यांना वाटलं तुम्ही केला असणार. तुमचं नाव आहे वर."

"बघ म्हणजे," सर म्हणतात. त्यांच्या चेहऱ्यावर मला लाज दिसायला हवी होती, पण दिसतं ते कौतुक, एखादं सुरेख उदाहरण सापडल्यासारखं. "पाच माणसं. प्रत्येकाला खात्री, की दुसऱ्याला येतंय. यावरच एक पेपर होईल."

मग मात्र मी चिडते. मी म्हणते, तुम्हाला गंमत वाटतेय, उभं मला राहायचंय. मी म्हणते, तुम्ही गेल्यावर हा पेपर मी एकटीने पुरा केला, रात्र रात्र बसून नाही, पण रविवारचे रविवार बसून, आणि प्रत्येक ओळीला मनात तुम्हाला विचारत होते. उपळेकर पहिल्याच झटक्यात पकडतील. मला मंचावरून म्हणावं लागेल की हा पेपर मागे घेते. काकू समोर बसल्यात. त्यांना गणित कळत नसलं तरी लोक गप्प झाले की का गप्प झाले ते कळतं. हुद्देदारांचा शेवटचा पेपर चुकीचा निघाला, एवढंच लोक लक्षात ठेवतील. बाकीचं आयुष्यभराचं काम गेलं खड्ड्यात.

सर सगळं ऐकून घेतात. ते जागे असताना ऐकतात तेव्हा फार बिचारे दिसतात.

"तिकडे विचारून बघितलंत का?" मी जरा खाली येऊन म्हणते. "तिकडे सगळं ठाऊक असेल ना. खरा आहे का खोटा, एवढं जरी कळलं."

"विचारलं ना. इतर काही लेमेही विचारले. पाठ्यपुस्तकात असतं तसं उत्तर आलं, 'सिद्धता वाचकांवर सोपवली आहे.'"

"तिकडेही?"

"तिकडे तर फारच. आणि परिषद म्हणशील तर ती रोजच भरते, पण कुणाला वेळेचं बंधन नाही. घंटा नाही. एक जण आला होता माझ्या आधी बोलायला. अजून तो प्रस्तावनेवरच आहे." सर उसासा टाकतात. "चहाची सुट्टीच होत नाही, चारू."

चहाच्या सुट्टीशिवाय सर म्हणजे काय, हे मला माहीत आहे. मी त्यांच्या हातातून कप घेते, साखर घालते, ढवळून परत देते. ते एका घोटात पितात आणि कप मोरीत ठेवायला उठतात. मध्येच थांबतात. एक हात कमरेवर, चेहरा गंभीर.

"चारू," ते म्हणतात. "नाडी आत गेली."

ही नाडी साधी नाडी नाही. परिषदेत ओळखपत्र गळ्यात अडकवायला जी पट्टी मिळते, ती सरांनी आजवर कधी टाकून दिली नाही. मुक्कामाला पोचले की ते ओळखपत्र काढून टेबलावर ठेवायचे आणि पट्टी पायजम्यात ओवायचे. बाजारच्या नाडीपेक्षा ती चिवट असते आणि धुऊन आटत नाही, असं त्यांचं मत. त्यामुळे रात्री जेवणानंतर गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात सर हिंडायला लागले, की सदऱ्याखाली कुठल्यातरी वर्षाची परिषद लोंबत असायची, गावाच्या नावासकट. एकदा एका हंगेरियन पाहुण्याने ती वाचली आणि त्या वर्षी मीही होतो म्हणून आनंदाने हात मिळवला.

आम्ही त्याच व्हरांड्यात उभे आहोत. गेस्ट हाउस कुठलं ते कळत नाही. सगळ्या गावांची थोडी थोडी आहेत. चहाचा वास मात्र अजून येतोय. सर कठड्याला टेकून पायजमा दोन्ही हातांनी धरून उभे, आणि मी वाकून शिवणीत गेलेलं टोक चाचपतेय. ते सापडतं. कापड चुण्या करून करून ते पुढे सारायला जावं, तर ते आणखी आत जातं.

"थांब, पिन देतो." सर सदऱ्याची गळपट्टी उलटतात. तिथे त्यांची नाडी ओवायची पिन आहे. मोठी, पितळी, जराशी वाकलेली, आणि डोक्याला काकूंनी निळा दोरा गुंडाळलेला, पडली तर सापडावी म्हणून. ती ते कायम बाळगायचे. परिषदेच्या तयारीत पेपर एक वेळ घरी राहायचा, पिन नाही.

मी पिन कापडावरून खुपसून ते टोक पकडायला बघते. टोक निसटतं. पुन्हा बघते. आणखी आत.

"सर, हे काही येत नाही बाहेर."

"हं," सर म्हणतात. त्यांचे डोळे मिटायला लागलेत. उभ्या उभ्या, पायजमा हातात धरून, त्यांची पाठ ताठ होते आणि मान किंचित कलते. मग दूर कुठेतरी टाळ्या वाजल्यासारखं होतं, सर डोळे उघडतात आणि अगदी परिषदेतल्या आवाजात विचारतात, "उलट्या बाजूने करून पाहिलंत का?"

मी आधी हसते. मग गप्प होते.

"सर," मी म्हणते. "हा तो प्रश्न."

"कुठला?"

"टाळ्यांनंतरचा. तुम्ही विचारायचात तो."

"हो. तोच."

"दर वर्षी तोच?"

"शब्द फिरवायचे थोडे. कधी म्हणायचं, शेवटापासून सुरुवातीकडे आलं तर? कधी म्हणायचं, याच्या विरुद्ध धरलं तर? झोपलेल्या माणसाला दुसरं काय विचारता येणार? भाषण कशावर होतं तेच ठाऊक नसायचं." त्यांना जरा अवघडल्यासारखं होतं. "पण बहुतेकांनी करून पाहिलेलं नसतं गं. लोक एकदा एका बाजूने निघाले की निघाले."

"मला कधी विचारला नाहीत."

"तुझ्या पेपरांवर माझंही नाव असायचं. लेखकाने आपल्याच पेपराला प्रश्न विचारायचा नाही, असा नियम आहे. उपळेकरांनीच करून घेतलाय तो." ते पायजम्याकडे बघतात. "टोकाचा नाद सोड. दुसऱ्या टोकाने ओढ आणि सबंध बाहेर काढ. मग तिकडून ओवू."

मी बाहेर राहिलेलं टोक धरून ओढते. पट्टी सळसळत येते, आणि ती येत असताना मला देवळाच्या दारात उभं असल्यासारखं वाटतं. वेशीपाशी नाही, देवळाच्या दारात, पाठ देवाकडे करून. समोर चौक आहे. ह्या चौकातून बाहेर कितीही गल्ल्या फुटू देत, मला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. मला बघायचंय ते चौकात शिरणाऱ्यांकडे. आमच्या गावात कुठल्याही चौकात शिरायच्या वाटा दोनच. आणि त्यांतली एक आम्ही दुसऱ्या लेम्यातच बंद करून टाकली आहे, स्वतःच्या हाताने. उरते एक. तिने मागे आलं की पुढचा चौक, तिथेही उरते एक. असं मागे मागे चालत वेशीपर्यंत. कुठे काही फुटत नाही. दोन वाक्यं.

"सर," मी पट्टी हातात धरून म्हणते, "हे सोपं आहे."

"मग मी काय म्हणत होतो," सर म्हणतात.

आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरतं, की त्यांनी ते आमटीच्या भरवशावर म्हटलं होतं, याची आठवण करून देणं माझ्याच्याने होत नाही.

बाहेर काढलेली पट्टी मात्र कामातून गेलेली आहे. मधोमध विरली आहे, गावाचं नाव अर्धं उरलंय. सर ती उजेडात धरून बघतात. मग त्यांची नजर माझ्या गळ्याकडे जाते. यंदाची पट्टी. रुंद, गर्द लाल, विणलेली.

"मागावरची आहे का गं?" ते सहज विचारल्यासारखं विचारतात.

मी ओळखपत्र सोडवते आणि पट्टी त्यांच्या हातात देते. ते ती पिनेत अडकवतात आणि उभ्या उभ्या, न बघता, सराईतपणे ओवायला लागतात. पिन शिवणीतून पुढे पुढे सरकताना वरून दिसते. दुसऱ्या बाजूला बाहेर येते. सर दोन्ही टोकं सारखी करतात, सुरगाठ मारतात, सदरा खाली ओढतात आणि पिन माझ्यापुढे धरतात.

"घे. हिने कार्ड लाव. उपळेकर बिनकार्डाच्या माणसाला बोलू देत नाहीत."

"सर, थांबा ना जरा. माझं होईपर्यंत."

"थांबून काय करू? झोपणारच मी."

"झोपा ना. पहिल्या रांगेत झोपा."

"जागा नाही. काकू बसली आहे तिथे." ते कठड्यापलीकडे बघतात. तिकडे ज्वारी सरकते आहे. "तिला थंडी वाजते एसीत. सांगत नाही ती."

मला त्यांची फार आठवण येते, हे मी त्यांना सांगते. एप्रिलपासून कुणालाच सांगितलेलं नाही. लोकांना मी त्यांच्या कामाबद्दल सांगते. सर मान हलवतात.

"मलाही येते," ते म्हणतात. "तिकडे बरोबर मान डोलावणारं कुणी नाही."

"मी आमटीला डोलावली होती, सर."

"तरी."

टाळ्या वाजतात.

मी डोळे उघडते. पाठ ताठ आहे. पेन उघडं आहे आणि त्याने चादरीवर एक निळी रेघ ओढली आहे. ठिपके जोडणारा गृहस्थ खाली वाकून आभार मानतोय आणि अध्यक्ष विचारताहेत, कुणाला काही प्रश्न आहे का. माझ्या मानेमागे उपळेकरांच्या खुर्चीची कुरकुर होते, पण त्यांच्या आधी माझाच हात वर गेलाय. कसा गेला कोण जाणे.

"हे उलट्या बाजूने करून पाहिलंत का?" मी विचारते.

तो गृहस्थ आधी हसतो. मग पडद्याकडे वळून बघतो. मग गप्प होतो. सभागृहात कुजबुज होते आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतं, झोपली होती ना ही.

"सबनीस मॅडम," उपळेकर पुढे झुकून म्हणतात, "तुमच्या लेमा तीनबद्दल एकच बारीक शंका आहे. बोलणं झाल्यावर विचारतो."

"आत्ताच सांगते," मी म्हणते. "देवळापासून निघा."

उपळेकर मागे टेकतात. त्यांचे ओठ हलताना दिसतात, एक चौक, दुसरा चौक. अध्यक्ष माझं नाव पुकारतात. मी उठायच्या आधी माझी चादर नलूकाकूंच्या पायांवर घालते, त्यांच्या चादरीवर आणखी एक. त्या नको म्हणत नाहीत. त्या माझ्या खांद्याकडे बघताहेत.

"तुझी गळ्यातली ती लाल पट्टी कुठे गेली?" त्या विचारतात.

मी खाली बघते. ओळखपत्र साडीच्या पदराला खांद्यापाशी टाचलेलं आहे. पिन मोठी आहे, पितळी, जराशी वाकलेली, डोक्याला निळा दोरा.

काकू हात पुढे करून दोऱ्याला बोट लावतात. अध्यक्ष पुन्हा नाव घेतात.

"ही त्यांना नेलं तेव्हा सदऱ्यालाच होती," काकू म्हणतात. "काढायची राहिली. सदऱ्याबरोबरच गेली."

"पट्टी त्यांना दिली, काकू. त्यांची विरली होती."

काकू माझ्या तोंडाकडे बघतात. मग पिनेचं टोक मला टोचत होतं, ते सोडवून नीट आत घालतात आणि पदर सारखा करतात.

"मेल्यावर तरी बाजारची नाडी घ्यावी माणसाने," त्या म्हणतात. "जा. तुझं नाव पुकारतायत."